पत्त्यांचे सोरट

गड्ड्याच्या यात्रेत पूर्वी सोरटाची पाटी हमखास दिसे. पुठ्ठ्यावर घडी घातलेल्या चिठ्ठ्या ओळीने चिकटवलेल्या असत आणि वरच्या बाजूला मनगटी घड्याळ, कंपासपेटी, रबरी चेंडू अशी बक्षिसे दिमाखाने टांगलेली असत. दहा पैसे द्यायचे, एक चिठ्ठी फाडायची आणि आत निघेल त्या आकड्याचे बक्षीस घ्यायचे. घड्याळ कोणाला निघाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. बहुतेकांच्या हाती लिमलेटची गोळीच येई. तरी पोरे पाटीभोवतीची गर्दी सोडीत नसत. वडीलधारी माणसे हाताला धरून तेथून दूर नेत आणि 'हा जुगार आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगत. पाटीवाल्यालाही त्याचा फारसा राग येत नसे, कारण आपण खेळ विकतो असा दावा त्याने कधी केलाच नव्हता.

त्याच सोरटाला आता चकचकीत वेष्टन मिळाले आहे आणि त्याचे नाव 'खेळ' असे ठेवण्यात आले आहे. आमच्या जुळे सोलापुरात शाळांच्या आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत वह्या-पेन्सिलींच्या वर रंगीत पाकिटांच्या माळा टांगलेल्या दिसतात. पाकिटात पोकेमॉन या जपानी चित्रमालिकेतील प्राण्यांची कार्डे असतात. कोणती कार्डे आहेत ते फोडल्याशिवाय कळत नाही. मुलांनी ती जमवायची, परस्परांत बदलायची आणि त्यांचा संच बांधून दुसऱ्याशी खेळायचे, अशी कल्पना आहे. माळेतले पाकीट दहा रुपयांना मिळते. ते नकली असते. अस्सल पाकीट बाहेरून मागवावे लागते. त्यात दहा कार्डे असतात आणि त्याची किंमत चारशे रुपयांच्या घरात जाते.

आमच्या इमारतीत चार घरी स्वयंपाक करणाऱ्या एक बाई आहेत. त्या विजापूर रस्त्यापलीकडच्या वस्तीत राहतात. त्यांच्या आईचा जन्म विड्या वळण्यात गेला. त्यांचा सहावीतला मुलगा शाळा सुटल्यावर आईबरोबर येतो आणि काम संपेपर्यंत जिन्याच्या चौकात इमारतीतील मुलांबरोबर खेळतो. लगोरी होती, क्रिकेट होते, तोवर त्याचे कोठे अडत नव्हते. उलट त्याचा नेम चांगला म्हणून दोन्ही पक्ष त्याला ओढीत. गेल्या दिवाळीच्या सुटीत कार्डे आली आणि चित्र पालटले. त्याच्याजवळ होती ती दहा रुपयांच्या पाकिटांतली. 'नकली आहेत, चालणार नाहीत,' असा निकाल झाला आणि तो पायरीवर बसून इतरांचा खेळ पाहू लागला. एके दिवशी त्याच्या आईच्या डब्यातून भिशीचे चारशे रुपये नाहीसे झाले. त्या पैशांचे एक अस्सल पाकीट आले, त्यातून दहा कार्डे निघाली आणि त्या दहांत 'काही नाही' असा इमारतीतील जाणत्या मुलांनी निर्वाळा दिला.

बाई माझ्याकडे आल्या त्या तक्रार घेऊन नव्हे, उमज पडत नव्हती म्हणून. "काका, मारायचं तरी कसं ओ ह्याला? सगळ्यांकडं हायत म्हणतंय. अन् चारशे रुपये घालून आणलं ते पण चालंना म्हणतेत. मग चालतंय तरी काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आमच्या काही सहकाऱ्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल, हे मी जाणतो. ज्या शहरात गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले, जेथे यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार स्त्रिया किमान वेतनासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आल्या, तेथे साप्ताहिकाचे पान चित्रांच्या पत्त्यांवर का खर्च करावे? माझे उत्तर असे की, विषमता माणसाला पहिल्यांदा कोठे भेटते ते पाहावे. ती कारखान्याच्या दारात भेटते असे आपण समजतो. आता ती जिन्याच्या चौकात, दहाव्या-अकराव्या वर्षीच भेटू लागली आहे. विडी कामगारांच्या संघटनेत काम केलेल्यांना 'छाट' हा शब्द सांगावयास नको. दिवसभर वळलेल्या विड्यांतून कारखान्यातला माणूस मनाला येईल तेवढ्या बाजूला काढी आणि त्यांची मजुरी बुडे. आजीच्या विड्या छाटल्या गेल्या, नातवाची कार्डे छाटली गेली. फरक इतकाच की, आजीला आपल्यावर अन्याय होत आहे हे कळत होते. नातवाला वाटते की, दोष आपल्या गरिबीचा आहे.

टंचाई कोणाची?

या प्रकारच्या खेळाचा उगम अमेरिकेतला. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने 'मॅजिक : द गॅदरिंग' नावाचा खेळ रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. पत्त्यांचा जोड विकत न घेता प्रत्येकाने आपापला संच स्वतः बांधायचा, ही कल्पना नवी होती आणि बुद्धीला आव्हान देणारी होती. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ निघाला. पुढे हे दोन्ही खेळ जगभर पसरले. १९९९ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने विझार्ड्स विकत घेतली.

आता खर्चाचा हिशेब पाहू. आरंभी मॅजिकच्या पंधरा कार्डांच्या पाकिटाला अडीच डॉलरांहून किंचित कमी पडत. २०२५ साली चौदा कार्डांच्या साध्या पाकिटाची छापील किंमत साडेपाच डॉलरांच्या आसपास होती. प्रामाणिकपणे सांगायचे तर बत्तीस वर्षांत अमेरिकेतील सर्वसाधारण महागाई जेवढी वाढली, जवळजवळ तेवढीच ही वाढ आहे. कागद आणि शाई महागली म्हणून पाकीट महागले, असे म्हणून कोणी विषय संपवू शकेल. मग खेळणारे जगभर खर्चाने मेटाकुटीस का आले आहेत? खरी मेख येथेच आहे. पाकिटाची किंमत आणि खेळाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली छापलेली असते, दुसरी लपवलेली.

पहिली युक्ती दुर्मिळतेची. सर्व कार्डे सारख्या संख्येने छापली जात नाहीत. पूर्वी सामान्य, कमी सामान्य आणि दुर्मीळ अशा तीन पायऱ्या होत्या. २००८ साली कंपनीने त्यांवर अतिदुर्मिळाची चौथी पायरी चढवली. या पायरीचे कार्ड साधारण सात-आठ पाकिटांत एखादे निघते आणि ते कोणते निघेल हे दैवाधीन. संच साठ कार्डांचा आणि एकच कार्ड त्यात चार वेळा ठेवण्याची मुभा. म्हणजे ज्याला जिंकायचे त्याला तेच दुर्मीळ कार्ड चार वेळा हवे. ज्याच्या खिशात पैसा आहे तो पाकिटे फोडीत बसतो किंवा बाजारात सुटे कार्ड चढ्या भावाने घेतो. ज्याच्याजवळ नाही, त्याने कितीही डोके चालवले तरी पहिल्या चालीपूर्वीच तो मागे पडलेला असतो.

दुसरी युक्ती मुदतीची. १९९५ पासून स्पर्धांचा एक प्रमुख प्रकार असा ठरवण्यात आला की, त्यात अलीकडच्याच मालिकांतील कार्डे चालावीत. जुनी झालेली कार्डे त्या स्पर्धेतून बाद होतात. कार्ड फाटत नाही, चित्र पुसत नाही, नियम बदलत नाहीत, तरी ते निकामी ठरते. पूर्वी या प्रकारात वर्षाला साधारण चार मोठ्या मालिका येत. २०२५ साली सहा आल्या. त्यांतल्या काही प्रसिद्ध चित्रपट-खेळांची नावे उसनी घेऊन काढलेल्या असल्याने त्यांच्या पाकिटाचा दर सात डॉलरांपर्यंत नेण्यात आला. शाळेची क्रमिक पुस्तके दर वर्षी बदलून पालकांना नागवणाऱ्या प्रकाशकांविरुद्ध आपण ओरड करतो. येथे पुस्तक वर्षातून सहा वेळा बदलते.

तिसरी युक्ती साठेबाजीची. काही जुनी कार्डे पुन्हा कधीही छापणार नाही, असे वचन कंपनीने १९९६ साली दिले. कोणाला? खेळणाऱ्यांना नव्हे, ज्यांनी कार्डे साठवून ठेवली होती त्यांना, त्यांच्या मालाचा भाव पडू नये म्हणून. त्याच यादीतील 'ब्लॅक लोटस' नावाच्या कार्डाची एक प्रत २०२३ साली लिलावात पाच लाख चाळीस हजार डॉलरांना गेली. २०२२ साली खेळाला तीस वर्षे होत आल्याचे निमित्त करून कंपनीने त्या जुन्या कार्डांच्या नव्या प्रती काढल्या. पंधरा कार्डांची चार पाकिटे, किंमत ९९९ डॉलर! आत काय निघेल याचा भरवसा नाही आणि निघालेली कार्डे अधिकृत स्पर्धेत चालायची नाहीत. धान्याचा साठा दडवून भाव चढवणाऱ्या व्यापाऱ्याचे धान्य निदान शेवटी खाता तरी येते.

एवढी ओढाताण चालली आहे ती कागदाचा तुटवडा आहे म्हणून, असे मात्र कोणी समजू नये. पोकेमॉनचीच कार्डे मार्च २०२४ पर्यंत जगात ६४०० कोटींहून अधिक छापली गेली होती. भारतातील तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला चाळीसहून अधिक वाटता येतील एवढी ही संख्या आहे. ढीग डोंगराएवढा आणि टंचाई मात्र कायम, हा चमत्कार निसर्गाचा नाही. छापखान्यात बसून कोणते कार्ड किती छापायचे याचा आकडा ठरवला जातो आणि टंचाईचे उत्पादन होते. भांडवलशाही वस्तूंची विपुलता निर्माण करते असे तिचे समर्थक सांगतात. येथे ती अभाव तयार करून तो पाकीटबंद विकते आहे.

नफा कोणाच्या पदरात पडला तेही पाहावे. २०२२ साली मॅजिकचे उत्पन्न एक अब्ज डॉलरांच्या वर गेले. त्याच हॅस्ब्रोने २०२३ सालच्या आरंभी सुमारे एक हजार आणि डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर, आणखी अकराशे नोकऱ्या कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनीच्या इतर खेळण्यांचा खप घटला हे त्याचे कारण सांगण्यात आले, पण कपातीची झळ पत्त्यांच्या खेळावर राबणाऱ्यांनाही लागली. सोलापूरच्या गिरणी कामगाराला ही कथा नवी वाटणार नाही.

दोष खेळाचा नाही

हे सारे लिहिताना मी खेळाचा शत्रू नाही हे सांगणे अगत्याचे आहे. हे पत्ते खेळायला हिशेब लागतो, स्मरण लागते, प्रतिपक्षाच्या मनाचा ठाव घ्यावा लागतो. मुलांनी ते अवश्य खेळावेत. दुःख याचे की, आमच्या चौकातील बहुतेक मुलांना त्याचे नियम ठाऊकच नाहीत. ज्याच्या कार्डावरचा आकडा मोठा तो जिंकला आणि ज्याचे कार्ड महाग तो मोठा, एवढाच खेळ उरला आहे. खेळातली बुद्धी गळून पडली, भाव तेवढा शिल्लक राहिला. चंगळवादाचा संस्कार म्हणतात तो हाच.

पत्त्यांचा खेळ अशाच रीतीने चालला पाहिजे असा काही विधिलिखित नियम नाही. आपल्या सावंतवाडीची गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेचा जोड १२० गोल पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पाने. ज्याने जोड घेतला त्याला मत्स्यही मिळतो आणि रामही मिळतो. राम दुर्मीळ करून मत्स्यावर समाधान मानायला लावण्याची कल्पना त्या चित्रकारांना सुचली नाही. रंगवलेली गंजिफा महाग असे, ती सर्वांना परवडत नसे, हे खरे. पण डाव मांडल्यावर राजा आणि त्याच्याबरोबर खेळणारा मानकरी एकाच जोडातून पाने उचलीत. पाने वाटली जात, विकली जात नसत.

परदेशातील खेळणाऱ्यांनीही मुकाट्याने हे सोसलेले नाही. फक्त सामान्य पायरीची, म्हणजे सर्वांत स्वस्त, कार्डे वापरून खेळण्याचा प्रकार त्यांनी रूढ केला आणि त्याला सरळ 'कंगाल' या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. तो इतका लोकप्रिय झाला की, २०१९ साली कंपनीला त्याचे नियम अधिकृत करावे लागले. कोणी आपल्या कार्डांची एक सामाईक पेटी करतात आणि डावापुरती त्यातूनच वाटून घेतात. काही मंडळी महाग कार्डाचे नाव साध्या कागदावर लिहून घरच्या डावात तेच खेळतात. २००८ पासून दुसऱ्या एका कंपनीने सर्व कार्डे उघड आणि ठरलेली असलेले संच विकूनही असे खेळ चालवून दाखवले. म्हणजे बंद पाकीट ही खेळाची गरज नाही. ती विक्रेत्याची गरज आहे.

कायद्याचे काय?

अमेरिकेत या पाकिटांना जुगार ठरवावे म्हणून १९९९ च्या सुमारास पालकांनी दावे लावले होते. तेथील अपील न्यायालयाने २००२ साली निकाल दिला की, पैसे देऊन पाकीट मिळाले, आत अपेक्षित कार्ड निघाले नाही ही निराशा खरी, पण ती मालमत्तेची हानी नव्हे. न्यायमूर्तींच्या लेखी निराशा फुकट होती. आमच्या बाईंच्या डब्यात ती चारशे रुपयांची निघाली.

इतर देशांनी वेगळा विचार केला आहे. संगणकावरील खेळांत पैसे घेऊन बंद पेटी उघडायला लावण्याचा प्रकार बेल्जियमने २०१८ साली जुगार ठरवला. आत काय आहे ते न सांगता विकल्या जाणाऱ्या बंद डब्यांबाबत चीनने २०२३ साली नियम केले आणि आठ वर्षांखालील मुलांना ते विकण्यास मनाई केली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, हे ठीकच झाले. पण शाळेजवळच्या दुकानात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेल्या सोरटाकडे त्या कायद्याची नजर नाही.

वास्तविक आपल्याकडे आधार आहे. १९८४ साली मक्तेदारीविषयक कायद्यात दुरुस्ती करून अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या घालण्यात आली. विक्री वाढावी म्हणून सोडत काढणे किंवा दैवावर चालणारा खेळ योजणे हे तिच्यात समाविष्ट होते. तेच कलम २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही आले आहे. बंद पाकिटातील अतिदुर्मीळ कार्ड हे दुसरे काय आहे? या कलमाचा अर्थ आपल्या पाकिटांना लागू होतो की नाही, याचा निर्णय एकदा मागून घेतला पाहिजे. ग्राहक चळवळीतील वकील मित्रांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक पाकिटावर आत कोणत्या पायरीचे कार्ड किती पाकिटांत एक निघते, हे मराठीत आणि ठळक अक्षरांत छापावे. लहान मुलांना बंद पाकीट विकण्यावर वयाची मर्यादा घालावी. तीच कार्डे उघड्या, पूर्ण संचात वाजवी किमतीला उपलब्ध करून देण्याचे बंधन विक्रेत्या कंपनीवर घालावे. दुकानदाराच्या मागे लागण्यात मात्र अर्थ नाही. माळ टांगून त्याला जे सुटते त्यात त्याचा चहा निघतो, एवढेच.

आपण काय करावे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर कार्यकर्त्यांनी हात बांधून बसू नये. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले तेव्हापासून शाखेवरचा खेळ हे आपल्या परंपरेतील शिक्षणाचे पहिले साधन राहिले आहे. लंगडीला आणि आट्यापाट्यांना काही लागत नव्हते, म्हणून तेथे सर्व जातींची आणि सर्व घरांची मुले एका रेषेवर उभी राहत. आज मुलांना पत्ते हवे आहेत, तर त्यांना मैदानाचे प्रवचन देऊन भागणार नाही. पत्तेच त्या रेषेवर आणले पाहिजेत.

१९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना आधार दिला. आपल्या सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. पुस्तक जसे एकाने विकत घेऊन शंभरांनी वाचावे, तसे खेळाचे संच वाचनालयाने घ्यावेत आणि मुलांनी तेथे बसून खेळावेत. हे जमेपर्यंत वसाहतीच्या सभागृहात, देवळाच्या ओवरीत, पक्षाच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ सामाईक पेटीचा डाव मांडणे कोणालाही अशक्य नाही.

आमच्या जिन्याच्या चौकात हा प्रयोग आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत करून पाहिला. सर्वांची कार्डे, अस्सल आणि नकली, एका बुटांच्या खोक्यात घातली. जी वाचता येत नव्हती त्यांवर मुलांनीच पेनने आकडे लिहिले. नियम दोन मोठ्या मुलींनी शिकून इतरांना शिकवले. डावापूर्वी प्रत्येकाला सारखी कार्डे वाटायची आणि डाव संपला की परत खोक्यात टाकायची, एवढा एकच करार. दोन मुलांच्या पालकांनी आपली महाग कार्डे परत मागून नेली. खेळ त्यांच्याविना चालला आणि आठवड्याने ती मुले कार्डांविना परत आली. पायरीवर बसणारा आमचा मित्र काही डाव जिंकला, त्याहून जास्त हरला आणि हरल्यावर सर्वांप्रमाणे भांडलाही. त्याच्या हरण्याचे कारण आता त्याच्या आईचा डबा नव्हता, याचा मला आनंद वाटला.

यातून सर्व काही मिटले असे नाही. ते चारशे रुपये भिशीत भरून काढायला त्या बाईंना दोन महिने लागले आणि त्यासाठी त्यांनी आणखी एका घरचे काम धरले. माळा अजून टांगलेल्या आहेत. यंदाच्या गड्ड्यात कदाचित पाकिटांचे वेगळे दुकानही लागेल. तेथे आपल्या मुलाचा हात धरून उभे असताना निदान एवढे तरी करू या. जुन्या वडीलधाऱ्यांनी पाटीवरच्या चिठ्ठ्यांना जे नाव दिले होते, तेच नाव या पाकिटालाही न अडखळता देऊ या.